बेथेल : एक नाव, दोन आख्याने

1843 साली ख्रिस्ती झालेल्या रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामी अमलात, जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. मांग व महार समाजांतून ख्रिस्ती झालेली कुटुंबे तेथे स्थिरावली. अस्पृश्यतेतून सुटकेचा मार्ग शोधणाऱ्या या माणसांच्या गावास मिळालेले नाव हिब्रू भाषेतील आहे. त्याचा अर्थ ‘देवाचे घर’. बायबलचे कर्तृत्व, भाषांतर आणि संहितेचा इतिहास या तिन्ही प्रश्नांचा विचार या एका नावापासून करता येतो, असे आम्हांस वाटते.

‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या 28 व्या अध्यायात हारानकडे निघालेला याकोब धोंडा उशाशी घेऊन निजतो, स्वप्न पाहतो, तो धोंडा उभा करून त्यावर तेल ओततो आणि त्या स्थळास बेथेल हे नाव देतो. 35 व्या अध्यायात परतीच्या प्रवासात तो पुन्हा दगडी स्तंभ उभारतो, पुन्हा तेल ओततो व पुन्हा तेच नाव देतो. जे नाव एकदा दिले, ते दुसऱ्यांदा का द्यावे लागले? याकोबास ‘इस्राएल’ हे नावही 32 व्या आणि 35 व्या अशा दोन अध्यायांत मिळते.

परंपरेने हा ग्रंथ मोशेचा मानला. 1878 साली यूलिउस वेलहाउझेन यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार मात्र त्यात निरनिराळ्या काळांतील लेखनप्रवाह एकत्र गुंफलेले आहेत. त्यांची नेमकी विभागणी व कालनिर्णय यांविषयी विद्वानांत आज एकमत नाही. परंतु ग्रंथ एका हातचा नाही, हा निष्कर्ष चिकित्सक अभ्यासात सर्वसाधारणपणे मान्य आहे. संकलकाने दोन्ही आख्याने जपली, एकही गाळले नाही. ही त्याची चूक नसून परंपरेविषयीची निष्ठा होय, असे आमचे मत आहे.

येथे भाषांतराचा प्रश्न येतो. देवासाठी योजलेली भिन्न नामे हा या चिकित्सेचा एक प्रमुख आधार आहे. प्रचलित मराठी भाषांतरात ‘एलोहीम’साठी ‘देव’ आणि ‘याहवेह’साठी ‘परमेश्वर’ हे शब्द येतात. 28 व्या अध्यायात दोन्ही शब्द आढळतात. 35 व्या अध्यायातील नामकरणाच्या प्रसंगी केवळ ‘देव’ आहे. म्हणजे जालन्यातील मराठी वाचकही हा भेद स्वतः पडताळू शकतो. परंतु ‘याहवेह’ हे विशेषनाम आहे, ‘परमेश्वर’ ही पदवी. आपल्याकडे ती पदवी अन्य दर्शनांचा अर्थ घेऊन येते. त्यामुळे नामभेद केवळ शैलीभेद वाटू लागतो. हा दोष मराठी भाषांतरकारांनी निर्माण केला नाही. नाम न उच्चारता ‘प्रभू’ वाचण्याची यहुदी प्रथा प्राचीन आहे. तरीही शब्दाबरोबर अर्थ बदलतो, हे विसरून चालणार नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल स्वतः भाषांतरित केले. ते त्यांच्या निधनानंतर, 1924 साली, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापले गेले. या परिश्रमांमागे शब्दांविषयीची हीच जागरूकता होती.

अशी चिकित्सा हा केवळ युरोपीय प्राध्यापकांचा अधिकार नव्हे. नाताळचे बिशप कोलेन्झो झुलू भाषेत भाषांतर करीत असता त्यांचे सहायक विल्यम न्गिडी यांनी जलप्रलयाची कथा खरी आहे काय, असे विचारले. त्या प्रश्नातून प्रेरित झालेला कोलेन्झोंचा चिकित्सक ग्रंथ 1862 पासून प्रसिद्ध होऊ लागला.

बायबलमधील पुनरुक्ती दाखवून ख्रिस्ती बांधवांचा उपहास करण्याचा मोह कोणास होईल, तर त्याने प्रथम आपल्या पिटकाकडे पाहावे. बुद्धवचन दीर्घकाळ मुखपरंपरेने चालत आले. सिंहली परंपरेनुसार ते इसवी सनपूर्व पहिल्या शतकात लिपिबद्ध झाले. महापरिनिर्वाणाची कथा पाली, संस्कृत व चिनी पाठांत भिन्न रूपांनी आढळते. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेश तर सांगतात की, प्रत्यक्ष बुद्धमुखातून ऐकले असे कोणी म्हणाला तरी ते सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे. ही कसोटी सिद्धान्ताशी असलेल्या सुसंगतीची आहे, पाठाच्या इतिहासाची नव्हे, हे आम्ही मान्य करतो. तथापि वक्त्याचा अधिकार हाच पुरावा नव्हे, हे तत्त्व दोन्हींकडे समान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बुद्धवचनांच्या विपर्यासाची कारणे तपासली व ग्राह्याग्राह्यतेच्या कसोट्या दिल्या.

बेथेलमध्ये वसलेली कुटुंबे आणि 1956 साली व त्यानंतर धम्मदीक्षा घेतलेली कुटुंबे यांपैकी अनेकांची मुळे त्याच गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत आहेत. ज्यांना शतकानुशतके ग्रंथाला हात लावण्याचीही मनाई होती, त्यांच्या वंशजांनी एकमेकांच्या ग्रंथांचा उपहास करणे शोभत नाही, आणि आपला ग्रंथ प्रश्नांच्या पलीकडे ठेवणेही शोभत नाही. जी कसोटी आम्ही शेजाऱ्याच्या ग्रंथास लावू, तीच प्रथम आपल्या ग्रंथास लावावी. चिकित्सेस नैतिक अधिकार त्यातूनच प्राप्त होतो.