डेमलो संख्या : चमत्कार आणि कारण

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या अनेक गणितशिक्षकांच्या परिचयाची आहे. हा १११११११११ चा वर्ग. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकविणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना 'अद्भुत डेमलो संख्या' म्हटले. हे नाव डोंबिवली स्थानकावरून आल्याचे सांगतात.

छत्रपती संभाजीनगरातील शालेय गणित प्रदर्शनांत या वर्गांचा मनोरा आम्ही नेहमी पाहतो : १, १२१, १२३२१... शेवटी ही सतरा अंकी ओळ. पाहणारे थक्क होतात आणि फलक तेथेच संपतो. आमचा आक्षेप या संपण्याला आहे.

चार अंकी संख्यांपैकी फक्त ८७१२ व ९८०१ या आपल्या उलट संख्येच्या पटीत असतात. अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यांत रस वाटण्याजोगे काही नाही, असे इंग्रज गणिती हार्डी यांनी १९४० मध्ये लिहिले. आपल्या फलकाला हा शेरा लागू पडतो. डेमलो संख्येला पडतो का?

१११ ला १११ ने गुणताना १११ च्या तीन ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. उभ्या रकान्यांत १, २, ३, २, १ इतके एक येतात. हातचा नसल्याने तेच अंक उत्तरात उतरतात. नऊ एकांपर्यंत हे चालते. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ होतो. मनोरा मोडतो. फलकावर ही ओळ आम्हाला क्वचितच दिसली. शिकविण्याजोगी ओळ मात्र हीच आहे. अष्टमान पद्धतीत मनोरा सात एकांपर्यंतच टिकतो. म्हणजे आकृतिबंध दहा या पायाचा नाही. तो कोठे मोडेल एवढेच पाया ठरवितो.

आता दोन फासे घ्या. बेरीज २ एका प्रकारे येते, ३ दोन प्रकारे, ७ सहा प्रकारे आणि १२ पुन्हा एका प्रकारे. क्रमाने लिहिले की १२३४५६५४३२१, म्हणजेच सहा एकांच्या संख्येचा, ११११११ चा वर्ग! गुणाकारात स्थानांची बेरीज होते, फाशांत ठिपक्यांची, मोजणी एकच. म्हणून या अंकांची बेरीज ३६, तितक्याच फाशांच्या एकूण शक्यता.

नऊ एकांच्या वर्गात ही बेरीज ८१ होते. १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून त्याच्या वर्गाला ८१ ने. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' हे नाव दिले. आपली संख्या हर्षदही आहे.

हार्डींना हवी असलेली व्यापकता येथे आहे. ती फलकावर येत नाही, एवढेच. शिक्षकांनी मनोऱ्याखाली दोन प्रश्न लिहावेत : असे का होते, आणि कोठे थांबते? उत्तरासाठी सहावीतला गुणाकार पुरतो.