छायाचित्राचे कुलूप आणि परवानगीचा प्रश्न

माझ्या आईचे छायाचित्र विकत घ्यावयाचे तर मला साडेचार हजार रुपये मोजावे लागतील, हे मला गेल्या वर्षी समजले. महाविद्यालयात सहा डिसेंबरनिमित्त विद्यार्थ्यांचे भित्तिपत्रक काढावयाचे होते. चैत्यभूमीच्या रांगांची चित्रे शोधता शोधता छायाचित्रे विकणाऱ्या एका संकेतस्थळापाशी मी थबकलो. शिवाजी पार्कच्या रांगेत डोक्यावर पदर, काखेत पिशवी, हातात कागदी निळा झेंडा घेतलेली जी बाई उभी होती, ती माझी आई होती. तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत त्या कंपनीचे नाव तिरप्या पुसट अक्षरांत छापलेले होते. चित्र उतरवून घेण्यासाठी मी माऊसचे उजवे बटण दाबले, तर पडद्यावर सूचना आली : हे चित्र संरक्षित आहे, परवानगीशिवाय नक्कल करू नये.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा आईला मोबाइलवर ते दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली.

"आरं, ही तं मीच की. पर तोंडावर ह्या रेघा कशाच्या मारल्यात?"

"कुणी चोरू नये म्हणून, माय."

"माझा फोटू माझ्यापासून कोण चोरणार हाय?"

संकेतस्थळावरील छायाचित्रांची परवानगीशिवाय नक्कल होऊ नये, हा आज सर्वत्र चर्चेचा विषय आहे आणि तो क्षुल्लक नाही. तथापि ही सारी चर्चा कॅमेरा ज्याच्या हातात आहे त्याच्या बाजूने चाललेली असते. कॅमेऱ्यासमोर जो उभा आहे त्याच्या परवानगीचे काय, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. आपल्यासारख्यांनी तो उपस्थित केला पाहिजे. छायाचित्रात आपण आहोत, परंतु छायाचित्राच्या मालकीत नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे छायाचित्राचा पहिला मालक छायाचित्रकार असतो. तो नोकरीत असेल तर बहुधा त्याचा मालक. परंतु याच कलमात एक अपवाद आहे. कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी छायाचित्र काढवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे तालुक्याच्या स्टुडिओत पैसे देऊन आईने रेशनकार्डासाठी काढवून घेतलेला फोटो तिचा आणि रांगेत तिला न कळता काढलेला फोटो दुसऱ्याचा. चेहरा एकच, बाई एकच. मालकीचा निकाल लागला तो पैसा कोणी मोजला यावर. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या छायाचित्रकाराला बोलावणे जात असे, त्यांच्या आज्यापणज्यांच्या तसबिरी त्यांच्याच भिंतींवर आहेत. आमच्या आज्याचा एकही फोटो घरात नाही. कोणी काढला असेलच, तर तो कोठल्या तरी संग्रहात, दुसऱ्याच्या मालकीचा, 'महार माणूस' अशा नावाखाली पडलेला असेल.

हे मी रागाने लिहीत नाही. १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. साडेचारशेहून अधिक छायाचित्रे त्यात आहेत. राजेरजवाडे आणि काही प्रतिष्ठित यांची नावे दिली आहेत. बाकीच्यांची बहुतेक ओळख म्हणजे त्यांची जात किंवा जमात, आणि सोबत त्या जातीच्या स्वभावाविषयी साहेबाचे मत : कोणी आळशी, कोणी चोर, कोणी इमानी. १८५७ च्या बंडानंतर राज्यकर्त्यांना प्रजा ओळखून ठेवावयाची होती, त्या गरजेशी हा ग्रंथ जोडलेला आहे. माणसाचे व्यक्तित्व काढून घेऊन त्याला नमुना करणे हे काम मनुस्मृतीने अक्षरांनी केले होते. येथे ते कॅमेऱ्याने केले.

आता माझ्या आईच्या चित्राखालच्या ओळी वाचा. तिचे नाव अर्थातच नाही. 'दलित स्त्री भक्त, मुंबई' एवढी ओळख. त्याखाली गिऱ्हाइकाला शोध सोपा जावा म्हणून शब्दांची यादी : गरिबी, गर्दी, वृद्धा, श्रद्धा, भारत, सुरकुत्या. समीक्षकाने कवितेची प्रतिमासृष्टी तपासावी तशी ही यादी तपासली पाहिजे, कारण हेही एक लेखन आहे आणि त्यामागे एक दृष्टी आहे. 'भक्त' हा शब्द पाहा. आई तेथे नवस फेडावयास गेली नव्हती. दादर स्थानकाबाहेर रात्र काढून, येताना दोन पुस्तके आणि एक कॅलेंडर विकत घेऊन ती परतली होती. चैत्यभूमीच्या त्या दोन दिवसांत पुस्तकांच्या विक्रीसाठी जी झुंबड उडते ती महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसेल. पण 'वाचक' हा शब्द त्या यादीत नव्हता. पिशवीतून डोकावणारे पुस्तक चित्रात स्पष्ट दिसत असूनही नव्हता. सुरकुत्या मात्र होत्या. दीडशे वर्षांपूर्वीचा खंड आणि आजचा पडदा यांत किती अंतर पडले, याचा विचार वाचकांनी करावा.

हा प्रश्न केवळ आपला नाही. ज्या अमेरिकन काळ्या बांधवांच्या चळवळीकडून आपल्या पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले, त्यांनी तो थेट न्यायालयात नेला. १८५० मध्ये लुई अगासी या हार्वर्डच्या प्राध्यापकाने साउथ कॅरोलायनात रेंटी नावाच्या गुलामाची आणि त्याची मुलगी डेलिया हिची, कपडे उतरवून, छायाचित्रे काढविली. काळा माणूस मूळचाच वेगळा व हीन, हे त्याला 'शास्त्राने' सिद्ध करावयाचे होते. तमारा लॅनियर या बाईंनी आपण रेंटीच्या वंशज आहोत असे सांगून २०१९ मध्ये हार्वर्डवर दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने सांगितले की छायाचित्रावर त्यातील व्यक्तीचा मालकी हक्क नसतो. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये मालकी मान्य केली नाही. मात्र विद्यापीठाच्या वागणुकीने झालेल्या मनस्तापाबद्दल त्यांना दाद मागता येईल, असे ठरविले. अखेर २०२५ च्या मे महिन्यात तडजोड झाली आणि ती छायाचित्रे चार्ल्सटन येथील आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाकडे जातील असे जाहीर झाले. नग्न करून उभ्या केलेल्या गुलामाची संमती कोणी विचारली होती? तरीही मालकीचा कागद सव्वाशे नव्हे, पावणेदोनशे वर्षे दुसऱ्याच्या हाती राहिला.

येथे कोणी म्हणेल, मग नक्कल खुशाल होऊ द्यावी काय? नाही. या बाबतीत आपल्यातील काही मित्रांची भूमिका मला उथळ वाटते. 'चित्र सर्वांचे' असे म्हणणे सोपे असते. माझा एक माजी विद्यार्थी चौदा एप्रिलच्या मिरवणुका टिपतो. वडील वीटभट्टीवर होते. याने कर्ज काढून कॅमेरा घेतला. त्याच्या एका चित्राचा कोपऱ्यातील नावाचा भाग कापून ते एका वाहिनीने दिवसभर दाखविले, दोन पुढाऱ्यांनी आपापल्या फलकांवर लावले, त्यातील एक पुढारी तर आपलाच. पैसे सोडा, नावही नाही. हीसुद्धा वेठबिगारीच आहे. आपल्या पोरांच्या श्रमांची नक्कल फुकट व्हावी असे मला मुळीच वाटत नाही.

मात्र त्याला मी सांगितले की कुलपावर भिस्त ठेवू नकोस. उजवे बटण बंद करणे ही निव्वळ पोरखेळाची गोष्ट आहे. चित्र वाचणाऱ्याला दिसले याचा अर्थच असा की त्याची एक प्रत त्याच्या यंत्रात अगोदरच उतरलेली आहे. पडद्याचा फोटो घ्यावयास तर शाळकरी मुलालाही शिकवावे लागत नाही. चित्रावर पारदर्शक आवरण घालण्याची युक्तीही तितकीच पोकळ. कृत्रिम प्रज्ञेची यंत्रे सध्या चित्रांचे खळेच्या खळे उचलून नेतात. त्यांना 'येऊ नये' सांगणारी फाइल संकेतस्थळावर ठेवता येते, पण ती दारावरच्या पाटीसारखी : ज्याला पाळावयाची तो पाळतो. खरा उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. हजारएक पिक्सेल रुंदीची लहान प्रतच संकेतस्थळावर टाकावी, म्हणजे फलक छापावयास ती पुरत नाही. मूळ फाइल स्वतःजवळ जपावी, कारण वादात तोच पुरावा. फाइलच्या पोटात नाव, तारीख, ठिकाण भरावे. समाजमाध्यमे पुष्कळदा ही माहिती पुसतात, म्हणून नाव चित्राच्या कडेलाही घालावे, कोणाच्या तोंडावर नव्हे. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय आहे, ती महिन्यातून एकदा वापरावी.

आणि कायदा हातात धरावा. सत्तावन्नाव्या कलमाने कर्त्याला आपल्या नावाचा हक्क दिलेला आहे आणि तो हक्क चित्र विकल्यानंतरही उरतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ६५-ब कलमाप्रमाणे, चित्राला जोडलेली कर्त्याच्या नावाची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. चोरलेले चित्र ज्याने साठवून ठेवले त्याला लेखी तक्रार केली, तर नियमाप्रमाणे छत्तीस तासांत त्याने ते बंद करावयाचे असते. पुढील एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा उघडते. ही अट गरिबाला जड आहे. तरीही माझ्या विद्यार्थ्याच्या दोन ओळींच्या तक्रारीने वाहिनीने चित्र उतरविले. पुढाऱ्याचा फलक पावसाने उतरविला.

एक तिसरा प्रकार आहे आणि तो मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो. ज्यावर कोणाचीच मालकी नाही अशा चित्रांना कुलूप घालणे. १९५८ पूर्वी काढलेल्या छायाचित्रांवरील हक्क, १९११ च्या जुन्या कायद्याच्या हिशेबाने, काढल्यापासून पन्नास वर्षांनी संपतो. म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतील छायाचित्रे आज सार्वजनिक आहेत. तरी त्यांच्यावर आपला शिक्का मारून विकणारी संकेतस्थळे आहेत. अमेरिकेत कॅरल हायस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी आपली हजारो चित्रे लोकांसाठी काँग्रेसच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. २०१५ च्या अखेरीस त्यांनाच, स्वतः काढलेले चित्र स्वतःच्या संकेतस्थळावर वापरल्याबद्दल, १२० डॉलरच्या मागणीचे पत्र आले. त्या न्यायालयात गेल्या, तेव्हा त्यांचा मुख्य दावा टिकला नाही. जे सर्वांचे आहे ते विकण्यास कोणाला बंदी नाही, हीच त्यातील मेख.

मला येथे चवदार तळ्याचा खटला आठवतो. तळे सार्वजनिक नाही, आमचे खाजगी आहे, असा दावा महाडच्या सवर्णांनी १९२७ मध्ये लावला आणि तो खोटा ठरावयास १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. चित्र म्हणजे पाणी नव्हे, ही तुलना फार ताणू नये. तहानेने माणूस मरतो, फोटोवाचून मरत नाही. पण सार्वजनिक वस्तूभोवती कुंपण घालून नंतर मालकी सांगण्याची रीत ओळखीची आहे. म्हणून आपल्या मंडळींपैकी जे बाबासाहेबांच्या जुन्या चित्रांवर स्वतःच्या मंडळाचे नाव छापतात, त्यांनाही मी दोष देईन.

वेगळ्या रीतीने काम करणारे आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली, ती दुरून चोरून काढलेली नाहीत. कामगारांमध्ये वावरल्यावाचून ती निघालीच नसती. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'परी' या ग्रामीण संग्रहात छायाचित्राखाली कष्टकऱ्याचे नाव आणि गाव असते, आणि ती चित्रे नफ्याशिवाय, न बदलता, नाव देऊन वापरण्यास मोकळीक आहे. कुलूप तेथे नाही, अटी आहेत.

आईच्या चित्राविषयी मी त्या कंपनीला लिहिले. उत्तरादाखल एक अर्ज आला. तक्रार करणारा कोण, यासाठी दोन चौकटी होत्या : छायाचित्रकार किंवा त्याचा प्रतिनिधी. तिसरी चौकट नव्हती. मी कागदाच्या समासात 'चित्रातील बाईचा मुलगा' असे लिहून अर्ज परत पाठविला. अद्याप उत्तर नाही.

माझा तो विद्यार्थी आता कॅमेऱ्याच्या पिशवीत वही ठेवतो. चित्र काढल्यावर विचारतो, दाखवतो, नाव लिहून घेतो. पुष्कळजण नको म्हणतात, मग ते चित्र तो पुसतो. त्याने आईचा फोटो काढला तेव्हा तिने वही मागून घेतली, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही सावकाश केली आणि खाली गावाचे नाव लिहावयास त्याला सांगितले.