रिंग कुठल्या बाजूला फिरते?

निकॉन सोडून कॅनन घेणाऱ्याची पहिली फजिती लेन्स लावतानाच होते. एकीची लेन्स ज्या दिशेला फिरवून बसवायची, दुसरीची बरोबर उलट. झूमच्या रिंगाही बहुधा उलट्याच. मी हा काडीमोड घेतला तेव्हा पहिल्याच लग्नात अक्षता पडल्या त्या क्षणी झूम भलतीकडे फिरवला. वधूवर बाजूला आणि फ्रेमभर भटजी. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, बोटांचा होता.

गंमत म्हणजे या दोन घरांचं वैर सोयरिकीतून उगवलं आहे. 1936 मध्ये विक्रीला आलेल्या हान्सा कॅननवर लेन्स होती निक्कोर, म्हणजे पुढे निकॉन झालेल्या कंपनीची.

खरी फारकत झाली 1987 मध्ये. दोन वर्षांपूर्वी मिनोल्टाने ऑटोफोकसचा एसएलआर आणून सगळ्यांची झोप उडवली होती. कॅननने आपला जुना एफडी माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ते कडं, सरळ मोडीत काढला. ईएफ हा नवा माउंट 54 मिलिमीटर व्यासाचा, सगळा कारभार विजेवर आणि फोकसची मोटर लेन्समध्येच. ज्यांनी पै-पै साठवून एफडी लेन्सा घेतल्या होत्या, त्यांचे तळतळाट लागले असणार. पण निर्णय निर्दय असला तरी बरोबर होता, असं माझं मत. निकॉनने 1959 चा 44 मिलिमीटरचा एफ माउंट जपला, मोटर कॅमेऱ्यातच ठेवली आणि एका दांड्याने लेन्स फिरवली. जुनं गिऱ्हाईक खूश. पण लांब पल्ल्याच्या जड लेन्सा तेवढ्या चपळ होईनात. नव्वदच्या दशकात मैदानांच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या नळ्यांची रांग दिसू लागली ती यामुळे. तो पांढरा रंगही मिरवायला नव्हता. उन्हात आतली फ्लोराइटची भिंगं तापू नयेत म्हणून होता.

2007 च्या निकॉन डी3 ने अंधारात असं काही काम केलं की गेलेले काही जण परतले. पण तिजोरीची किल्ली पळवली तिसऱ्यानेच. 2006 मध्ये मिनोल्टाचा कॅमेऱ्याचा धंदा उचललेल्या सोनीने 2013 मध्ये आरसा नसलेले ए7 आणले. आरसा गेल्यामुळे मधे जागा उरली आणि एका अडॅप्टरच्या कड्याने कॅननच्या लेन्सा त्यावर चालू लागल्या. लेन्सा न विकता घर बदलता आलं. 2018 मध्ये निकॉनने झेड माउंट काढला, 55 मिलिमीटरचा, कॅननपेक्षा एकाने जास्त! एकतीस वर्षांनी दिलेलं हे उत्तर वाचून मला हसूच आलं. 2020 मध्ये असोसिएटेड प्रेसने आपल्या छायाचित्रकारांच्या हाती सोनी दिला.

आणि चित्रांचं काय? इथे मी थोडा खट्टू आहे. तिन्ही कंपन्यांचे कॅमेरे आता डोळा ओळखून फोकस धरतात. स्टेजवर तीन फोटोग्राफर, तीन कंपन्या, आणि तिघांच्याही पडद्यावर तो छोटा चौकोन नवरीच्या पापणीवर. मागची माळ तशीच विरघळलेली. कोणाचा फोटो कोणता, हे कार्ड काढल्याशिवाय सांगता येत नाही. पूर्वी ब्रँड बदलला की निदान चुका तरी बदलत.

माझी जुनी पन्नासची निक्कोर आता सोनीवर बसते. अडॅप्टरमुळे तिला चौकोन-बिकोन काही कळत नाही. तिची रिंग मात्र अजून जुन्याच दिशेला फिरते.