प्रतीकाकडून वर्णाकडे : प्रभाकर बरवे यांच्या चित्रशैलींचा अन्वय

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रनिर्मितीचे सामान्यतः दोन कालखंड पाडले जातात : साठच्या दशकातील तंत्रचिन्हांचा आणि त्यानंतरचा, नित्याच्या वस्तूंचा. ही विभागणी सोयीची असली, तरी तिच्यामुळे शैलीतील बदल हाच कलावंताच्या प्रवासाचा आशय ठरतो. बरवे यांची चित्रे सलग पाहिली असता शैली पालटली, पण मूळ प्रश्न पालटला नाही, असे आढळते. दृश्य आकाराला अर्थ कोठून प्राप्त होतो, हा तो प्रश्न होय.

आजच्या रायगड जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेल्या बरवे यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि पुढे विणकर सेवा केंद्रात नोकरी पत्करली. त्या निमित्ताने साठच्या दशकाच्या पूर्वार्धात ते वाराणसीत राहिले. तेथे झालेला तंत्रपरंपरेचा परिचय त्यांच्या त्या काळातील चित्रांत उघडपणे दिसतो. त्रिकोण, वर्तुळ, बिंदू या आकृती तेथे केंद्रस्थानी येतात. परंतु अशा आकृतीमागे परंपरेने निश्चित केलेला अर्थ उभा असतो. चित्रकाराच्या हाती ती येते तीच अर्थाने भरून. पाहणाऱ्याचे काम मग अनुभवण्याऐवजी उलगडण्याचे होते. ‘नवतंत्र’ या नावाखाली अनेक भारतीय चित्रकारांची गणना होऊ लागली असताना बरवे त्या वाटेपासून दूर झाले, याचे मर्म येथे शोधता येते.

त्यांच्या उत्तरकालीन चित्रांत घड्याळ, पान, फळ, शंख, ढग, अक्षर अशा वस्तू येतात. कॅनव्हासवर एनॅमल रंगाचे सपाट, नितळ पृष्ठ असते. कुंचल्याच्या फटकाऱ्यातून व्यक्त होणारा ‘मी’ या माध्यमात जवळजवळ पुसला जातो. क्षितिज नसल्याने वस्तू कोठे टेकलेली नसते. तिचे आकारमान व्यवहारातील प्रमाण पाळत नाही. विणलेल्या वस्त्रावरील नक्षीलाही क्षितिज नसते, हे ध्यानात घेतले तर वस्त्रसंकल्पनाचा दीर्घ अनुभव या अवकाशरचनेच्या मुळाशी असावा, असे अनुमान करता येते. या चित्रांना अतिवास्तववादी म्हणण्याचा मोह होतो. परंतु अतिवास्तववादाला अभिप्रेत असलेला स्वप्नाचा धक्का येथे नाही. येथे आहे ती वस्तूंमधील अंतरांची शांत जुळणी.

‘अल्फाबेट्स ऑफ नेचर’ हे त्यांच्या एका चित्राचे शीर्षक या दृष्टीने सूचक आहे. सुटा वर्ण निरर्थक असतो. अर्थ संभवतो तो वर्णांच्या परस्परसंबंधातून. बरवे यांची वस्तू प्रतीकाप्रमाणे कशाच्या तरी ऐवजी उभी राहत नाही, ती वर्णाप्रमाणे शेजारच्या वस्तूची वाट पाहते. प्रतीकाकडून वर्णाकडे झालेले हे संक्रमण दोन्ही कालखंडांना जोडणारे सूत्र होय. त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्याच त्या वस्तूंच्या पुनरावृत्तीने काही चित्रांत एक खाजगी शब्दकोश सिद्ध होतो आणि ज्या संकेतबद्धतेतून सुटका हवी होती, तीच वेगळ्या रूपाने परत येते.

बरवे यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या ग्रंथाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. वस्तू, आकार, अवकाश यांविषयी मराठीत इतके स्वतंत्र चिंतन एखाद्या चित्रकाराने क्वचितच केले आहे. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये भरलेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनात त्यांच्या रोजनिश्याही मांडल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या लेखनाचा व्याप अधिक स्पष्ट झाला. साहित्याच्या अभ्यासकाचा कल साहजिकच असा ग्रंथ चित्रांची किल्ली म्हणून वापरण्याकडे असतो. तसे केल्यास मात्र चित्र हे विधानाचे उदाहरण बनते, आणि तंत्रचिन्हाप्रमाणे त्याचा अर्थ पुन्हा बाहेरूनच पुरवला जातो. चित्रकाराने जे नाकारले, तेच समीक्षक त्याच्या नावाने करतो.

म्हणून ग्रंथ आणि चित्रे यांच्याकडे दोन समांतर संहिता म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरेल. दोहोंतील साम्याइतकेच त्यांतील अंतरही वाचावे लागेल. वस्तू आणि तिचे नाव यांच्यामधील मोकळी जागा हाच बरवे यांच्या चित्रांचा विषय असेल, तर ती जागा भरून टाकणे हे समीक्षेचे कार्य असू शकत नाही.