दाद मिळते, सवाल कोण करणार?

मंडळी, महाड-पोलादपूरकडच्या कविसंमेलनाचं चित्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची मनोगतं. मग उरलेल्या तासाभरात ३० कवी. प्रत्येकाला दोन मिनिटं. कविता संपते, टाळ्या पडतात, प्रमाणपत्र हातात येतं आणि पुढचं नाव पुकारलं जातं. नुकत्याच ऐकलेल्या कवितेबद्दल एक वाक्यही कोणी बोलत नाही.

सभेवर टीका केली म्हणजे साहित्याशी वैर धरलं, असं कोणी समजू नये. १८८५ साली ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. ज्या सभेत शूद्रादिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही तिथे आमचं काय काम, असा त्या पत्राचा रोख होता. सभा कशासाठी भरते, हे विचारण्याचा धडा आपल्याला तिथून मिळालेला आहे.

आणि आपल्या मातीत तर विचारणं मुरलेलंच आहे. समर्थांनी दासबोध शिवथरघळीत सांगितला, अशी परंपरा आहे. ती घळ महाड तालुक्यातली, आणि त्या ग्रंथाची सुरुवातच श्रोत्यांच्या प्रश्नाने होते. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचं संस्कृत ‘शिवभारत’ स. म. दिवेकरांनी १९२७ साली छापून आणलं. त्यात काशीचे पंडित विचारतात, कवींद्र सांगतात. पंडित पुन्हा विचारतात, मग काव्य पुढे सरकतं. ऐकणाऱ्याने तोंड उघडलं नसतं, तर हे काव्य या रूपात उभंच राहिलं नसतं.

इतकं लांब कशाला जायचं? आपला शक्ती-तुरा बघा. एका बाजूचा शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्या बाजूला जबाब द्यावा लागतो. समोरचा कधीच शाळेत गेला नसेल, पण जबाब चुकला की त्याच्या लगेच लक्षात येतं. त्यातली हार-जीत आणि कधीमधी घसरणारी शेरेबाजी आपल्याला नको. पण ऐकणाऱ्याचा तो जागता कान हवा. गंमत अशी की हाच माणूस साहित्य संमेलनाला आला तर मागच्या खुर्चीत गप्प बसतो. त्याला आपण नुसता प्रेक्षक करून टाकलं.

महाडात हे जास्तच टोचतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. दोन्ही वेळा आधी परिषद भरली होती, भाषणं झाली होती, ठराव मांडले गेले होते. म्हणजे सभा काय करू शकते, हे या गावाने पाहिलेलं आहे. आज चवदार तळ्यावरची कविता वाचली की टाळ्या हमखास. पण या कवितेत तळं आहे, की नुसतं तळ्याचं नाव आहे, हे कोण विचारतं? टाळ्या विषयाला पडतात, आणि लिहिणाऱ्याला वाटतं कविता जमली. पुढच्या वर्षी तो तशीच आणखी एक लिहितो.

कोणी म्हणेल, नवी पोरं आहेत, प्रश्न विचारले तर बुजतील. अहो, पण कोणी काहीच बोललं नाही तर ती जास्त बुजतात. वाडीवरून एसटीने आलेल्या मुलीला दोन मिनिटांची वाहवा घेऊन परत पाठवणं, हे प्रोत्साहन कसलं? तिची एखादी ओळ कुणाला अडली, कुणाला लागली, एवढं कळलं तर ती घरी जाऊन पुन्हा लिहायला बसेल.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. पुढच्या बैठकीला सत्कार कमी करा आणि पाचच कवी बोलवा. कविता दोनदा वाचू द्या, तिच्या झेरॉक्स प्रती हातात द्या. पहिला प्रश्न व्यासपीठावरून नको, मागच्या खुर्चीतून येऊ द्या. त्या खुर्चीत शक्ती-तुऱ्याचा एखादा शाहीर बसलेला असेल, तर फारच उत्तम.