एका ओळीची समीक्षा : ‘रक्त पातळ राहतं’

आज पुस्तकाची नाही, एका ओळीची समीक्षा करू. ‘लसूण-हळद घ्या, रक्त पातळ राहतं, पायात गाठ होत नाही.’ घरगुती उपायांच्या पुस्तकांत या अर्थाची ओळ आपण सगळ्यांनीच वाचलीय.

दोष आहे तो ‘पातळ’ या शब्दात. रक्त म्हणजे आमटी नव्हे, पाणी घातलं की पातळ झाली. डॉक्टरांची ‘रक्त पातळ करायची’ गोळीसुद्धा रक्त पातळ करत नाही. गोठण्याची क्रिया मंद करते. शब्द एकच, म्हणून लसूण आणि गोळी एका पंगतीत बसली.

शिरेत गाठ होण्याची तीन कारणं रुडॉल्फ विरखो या जर्मन डॉक्टरच्या नावाने शिकवतात : प्रवाह मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा, आणि गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. आपली ओळ फक्त तिसऱ्याबद्दल बोलते. ऑपरेशननंतर पडून असलेल्या माणसाची पोटरी लसूण हलवणार आहे का?

मग वनस्पतीत काहीच नाही? आहे ना! १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हरचा बुरसलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याच वाटेने वॉरफरिन आलं. आधी उंदरांचं विष, १९५४पासून माणसांचं औषध. फरक मात्रेचा, आणि ती ठरवणाऱ्या रक्ततपासणीचा. आपल्या ओळीत नेमकी मात्राच नाही.

म्हणून ती निरुपद्रवीही नाही. वॉरफरिन घेणाऱ्याने लसूण-हळदीच्या कॅप्सूल मनाने सुरू केल्या, तर रक्तस्राव वाढू शकतो. उलट वसईच्या बाजारातला पालक, माठ यांत व्हिटॅमिन के भरपूर. ते गोळीचा जोर कमी करतं. भाजी सोडू नका, रोजचं प्रमाण एकदम बदलू नका. फोडणीतली लसूण खुशाल राहू द्या.

ओळ दुरुस्त करायची तर अशी : चालते राहा. विरार-चर्चगेट सोडा, पण चार तासांहून लांबच्या प्रवासात अधूनमधून उठा, पोटऱ्या हलवा. ऑपरेशन ठरलं की गाठ टाळण्यासाठी काय देणार, हे डॉक्टरांना विचारा. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल. तिथे काढ्यासाठी थांबायचं नाही.