लेखिकेची खोली आणि सोलापूरचे कुंपण

लेखिकेस स्वातंत्र्य हवे असे म्हटले की स्वतःची खोली व स्वतःचे उत्पन्न या दोन गोष्टी पुढे येतात. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली याच मागितल्या होत्या. त्या अवश्य आहेतच. परंतु तेवढ्याने भागते काय? विभावरी शिरूरकर यांच्या ग्रंथांवरून याचे उत्तर आम्हांस शोधावयाचे आहे.

‘कळ्यांचे निःश्वास’ हा त्यांचा कथासंग्रह १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मिळवती मुलगी भेटते, पण तिची मिळकत बापाच्या संसारात जिरते व तिच्या मनास घरात कोपराही उरत नाही. पुढल्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ने पतीपासून दुरावलेल्या स्त्रीच्या प्रेमाचा व मातृत्वाचा प्रश्न मांडला. मोठे वादळ उठले. ग्रंथातील दुःखाचा विचार मागे पडून लेखिका कोण, याचाच शोध अधिक झाला. बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर, यांना लिहिण्यासाठी खोली मिळाली ती या टोपणनावात. पण दार आतून लावूनच लिहावे लागणे, यास स्वातंत्र्य कसे म्हणावे?

आम्हां सोलापूरकरांस याच्या पुढचा भाग अधिक जवळचा आहे. कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींना येथे तारेच्या कुंपणात ठेवीत. १९३० नंतरच्या दशकात त्या सेटलमेंटवर मालतीबाईंनी अधिकारी म्हणून काम केले, व त्या अनुभवातून १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी आली. पहिल्या कथांत कोंडलेल्या उद्गाराची धग आहे. ‘बळी’त लेखिका स्वतःस बाजूस सारून परक्या जीवनाकडे पाहते. कुंपणाबाहेर पडण्याची मोकळीक अधिकाऱ्यास होती, आतल्या माणसांस नव्हती, हे अंतर विसरता येत नाही. तरीही घरातील कितीही निवांत खोलीत ‘बळी’ लिहून झाली नसती, हे निश्चित.

म्हणून आमचे म्हणणे असे की, लेखिकेस खोली द्यावी आणि उंबऱ्याबाहेरचे जगही द्यावे. लेकीसुनांच्या लेखनाचे कौतुक करणारी आमची घरे त्यांच्या बाहेर जाण्यायेण्याचा मात्र हिशेब मागतात. आणि त्यांनी काही धीट लिहिले, की ते त्यांच्याच आयुष्यात घडले काय, असे आम्ही वाचक विचारू लागतो. ही दुसरी चौकशी थांबविणे तरी सर्वस्वी आमच्या हाती आहे.